पाच पायऱ्या खाली

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला कोथरूडमधल्या एका बंद व्यापारी इमारतीसमोर तीन-चार पोरं स्केटबोर्ड घेऊन जमली होती. त्यातला एक, असेल पंधरा-सोळाचा, दाराशी असलेल्या पाच पायऱ्यांवरून ऑली मारून, म्हणजे हात न लावता बोर्डसकट उडी घेऊन, खाली येत होता. कधी जमत होतं, बहुतेकदा बोर्ड एकीकडे आणि तो दुसरीकडे. मधेच ट्रकचं, म्हणजे बोर्डाखाली चाकं बसवलेल्या धातूच्या दांड्याचं, नट ढिलं झालं. पाना घेऊन तो उकिडवा बसायला गेला आणि त्याला बसताच येईना. टाचा वर उचलल्या, तोल मागे गेला, शेवटी त्याने फरशीवर बसकण मारली. शेजारी इमारतीचे वॉचमन काका मघापासून उकिडवेच बसले होते. टाचा जमिनीला पक्क्या, गुडघे काखेशी, हातात चहाचा कागदी कप. ते म्हणाले, “टाच टेकव की रे बाळा.” पोरगा म्हणाला, “काका, जातच नाही खाली.” एवढं बोलून त्याने नट आवळलं आणि परत पायऱ्या चढून वर गेला.

पाऊण मीटर उंचीवरून कडक फरशीवर उडी घेणाऱ्या मुलाचे घोटे त्याला जमिनीवर नीट बसूही देत नाहीत, ही गोष्ट मला त्या दिवसापासून टोचते आहे.

पुण्यात स्केटबोर्ड करणाऱ्या मुलामुलींशी व्यायामाचा विषय काढला की बोलणं लगेच वर जाण्याकडे वळतं. ऑली उंच कशी होईल, पॉप, म्हणजे बोर्ड उसळण्याचा झटका, कसा वाढेल, उडी कशाने सुधारेल. जिममध्ये गेलीच तर बॉक्स जंप करतात, म्हणजे खालून वर उडी मारून उंच खोक्यावर उभं राहणं. त्यात उतरण्याचा भागच काढून टाकलेला असतो. ऑलीची उंची पायांच्या जोराइतकीच गुडघे छातीपर्यंत किती ओढले जातात यावरही ठरते, त्यामुळे सिंगल बारला लोंबकळून गुडघे वर घेणं हा व्यायाम करावाच. पण घोटे, गुडघे, टाचा बिघडतात त्या वर जाताना नव्हे, खाली येताना. आणि एखादी ट्रिक बसवायची म्हणजे तासाभरात चाळीस-पन्नास वेळा खाली येणं आलंच, जमली तरी आणि चुकली तरी.

हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. एक पायरी साधारण 15 सेंटिमीटरची, म्हणजे पाच पायऱ्या 75 सेंटिमीटर. जमिनीला टेकल्यानंतर शरीर किती अंतरात थांबतं, यावर पायांवरचा भार ठरतो. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि वजनाने गुणायचं. 60 किलोचा मुलगा घोटे, गुडघे आणि खुबे दुमडत 30 सेंटिमीटर खाली बसत थांबला, तर पायांवर सरासरी साडेतीनपट, म्हणजे 210 किलोचा भार येतो. तोच मुलगा ताठ राहून 10 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर साडेआठपट, म्हणजे 510 किलो. हा सरासरीचा आकडा झाला, क्षणभराचा कमाल भार त्याहून मोठा असतो. शिवाय पायरीच्या वर ऑलीने घेतलेली उंची यात धरलेलीच नाही. उंची तीच, बोर्ड तोच, फरक फक्त वीस सेंटिमीटर जास्त वाकण्याचा. फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या 25 पायऱ्या अमेरिकेच्या आरन होमोकीने उतरल्या, त्याही आधीच्या प्रयत्नात गुडघ्याचं लिगामेंट दुखावून परत गेल्यानंतर. ते दृश्य बघताना बहुतेकांचं लक्ष हवेतल्या उडीकडे जातं. मी बघतो ते जमिनीला टेकल्यानंतरचं. अख्खं शरीर घडी घालत तो बोर्डापर्यंत खाली जातो.

आता हे वीस सेंटिमीटर मिळवायचे तर सगळ्यात खालचा सांधा आधी मोकळा हवा. टाच टेकलेली असताना गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे किती जातो, ते मोजायला भिंत पुरते. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला तर पाऊल एकेक सेंटिमीटर मागे सरकवत जायचं. शेवटी अंगठा आणि भिंत यांत 10 ते 12 सेंटिमीटर अंतर राहिलं तर उत्तम. 6-7 वरच अडलं, किंवा दोन पायांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर तिथे काम करायचं आहे. ओढ मागे पोटरीत जाणवली तर स्नायू आखडलेला आहे. अशा वेळी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा अगदी खालपर्यंत सोडायच्या आणि सावकाश वर यायचं, 12 ते 15 वेळा, तीन फेऱ्या. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण वाकलेल्या गुडघ्याला पोटरीचा खोलवरचा स्नायू काम करतो आणि लँडिंगला तोच लागतो. त्याला जोडून गुडघा वाकवून 30 ते 45 सेकंदांचा ताण, दोन-तीन वेळा. सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो. पण ओढ मागे न जाणवता घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं झालं, तर अडथळा सांध्यातच आहे. तिथे जोर लावून काही मिळत नाही, फिजिओथेरपिस्टकडे जावं.

बोर्डवर या आखडलेल्या घोट्याचा आणखी एक त्रास असतो, तो जमिनीवर दिसत नाही. गुडघे खोल वाकले की टाचा उचलल्या जातात, वजन चवड्यांच्या कडेवर जातं आणि ट्रक त्याच बाजूला वळतात. मुलगा बोर्डवर अगदी बरोबर उतरतो, दोन्ही पाय ट्रक बसवलेल्या बोल्टवर असतात, आणि तरीही बोर्ड अचानक छातीच्या दिशेला वळून त्याला तोंडावर पाडतो. मग तो ट्रक आवळत राहतो, त्यातलं बुशिंग, म्हणजे रबरासारखा गोल तुकडा, कडक घेतो. दोष बोर्डमध्ये नसतोच. पाऊल आतल्या बाजूला कोसळत असेल तर गुडघाही आत जातो आणि सगळा भार गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवर पडतो. समोरून मोबाइलवर स्लो मोशन चित्रण केलं की हे लगेच दिसतं. उतरताना गुडघा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत हवा.

लहानपणापासून कमोड, बाक आणि खुर्ची यांतच वाढलेल्या मुलांचा यात काय दोष. उकिडवं बसणं आपल्याकडे व्यायाम म्हणून कधी शिकवावं लागलंच नाही. भाजी निवडताना, सायकलचं पंक्चर काढताना, एसटीची वाट बघताना ते आपोआप व्हायचं. आता ते ठरवून करावं लागणार. रोज पाच मिनिटं, दाराची चौकट किंवा खांब धरून, टाचा टेकवून. सुरुवातीला टाचेखाली पातळ पुस्तक चालेल, महिन्याभरात ते काढायचं.

सिंहगड ज्याने पायी उतरला आहे, त्याला पुढची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. चढताना धाप लागते, उतरताना बरं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत काम करतो. उतरताना तोच स्नायू भार पेलता पेलता लांब होत असतो, ब्रेक लावत असतो. या प्रकारच्या कामात स्नायू जास्त जोर पेलू शकतो, पण सवय नसेल तर त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट पुढे आहे. तोच गड पंधरा दिवसांनी पुन्हा उतरला, की दुखणं बरंच कमी असतं. शरीर एका खेपेत शिकतं. लँडिंग म्हणजे नेमकं हेच ब्रेक लावणं, फक्त क्षणार्धात. तेव्हा स्केटबोर्डरची ताकद वाढवायची ती खाली जातानाची वाढवली पाहिजे, सावकाश, मोजून.

त्यासाठी आठवड्यातले दोन दिवस पुरतात, मधे किमान 48 तास सोडून. एक पाय मागे बाकावर ठेवून पुढच्या पायावर खाली बसणं, म्हणजे बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट, प्रत्येक पायावर 8 वेळा, तीन फेऱ्या. खाली जायला तीन सेकंद, वर यायला एक. मग 20 सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन-चार सेकंदांत हळू जमिनीला लावायची आणि परत वर यायचं, हेही 8 वेळा. दिसायला अगदी मामुली, पण कंबर एका बाजूला न झुकू देता, गुडघा आत न जाऊ देता हे करून बघा. भिंतीला पाठ टेकवून, पाय फूटभर पुढे ठेवून चवडे वर उचलणं, 20 वेळा, नडगीच्या पुढच्या स्नायूसाठी. एका पायावर उभं राहून कमरेतून पुढे वाकणं, मांडीच्या मागच्या भागासाठी. शेवटी आडवं होऊन एका कोपरावर साइड प्लँक, वरचा पाय बाकावर आणि खालचा हवेत, 15 ते 20 सेकंद. जांघेचा स्नायू यात जागा होतो, आणि पाय फाकून लँडिंग झालं की ओढला जातो तो हाच. हे सगळं चाळीस मिनिटांत उरकतं. पर्वतीच्या 103 पायऱ्याही आहेतच. चढा कशाही, उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर टाच हळू टेकवत या.

उडी मारण्याआधी उतरणं शिकावं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. 20 सेंटिमीटरच्या ओट्यावरून नुसतं पाऊल पुढे टाकून खाली यायचं, उडी मारायची नाही. टेकताच तीन सेकंद तसंच थांबायचं. आवाज किती झाला, ते ऐकायचं. पाय आपटल्याचा आवाज आला तर सांधे दुमडले नाहीत, हाडांनी भार घेतला. आवाज दबला की मग 30 सेंटिमीटर, मग 45. सुरुवातीला एका दिवसात एकूण चाळीस-साठ वेळाच टेकायचं, त्याहून जास्त नाही. समोर तोंड करून जमलं की आडवं उभं राहून, बोर्डवर असतो तसं, पावलांत 40 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवून, मान पुढच्या खांद्यावरून वळवून. ही आडवी उडी जिममध्ये कुणीच करून घेत नाही. सरळ उडीत दोन्ही खुबे सारखे वाकतात. आडव्या उडीत शरीराचा वेग पुढच्या पायाकडे ओढत असतो, त्यामुळे पुढचा गुडघा बाहेर ढकलून धरावा लागतो. तो कोसळला की पुढच्या घोट्याला मुरड बसते. बोर्डवर वजन बोल्टच्या वर पडलं पाहिजे. दोन्ही पाय मधे पडले तर डेक, म्हणजे बोर्डची फळी, मोडतो, एक टाच टेलच्या, म्हणजे फळीच्या मागच्या वर वळलेल्या भागाच्या, टोकावर पडली तर टाचेचं हाड ठेचकाळतं. त्या ठेचेसारखं चिवट दुखणं दुसरं नाही, आठवडेच्या आठवडे टाच टेकवू देत नाही.

पुण्याला हे सगळं परकं वाटावं, याचं मला वाईट वाटतं. पेठांमधल्या चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम अशा जागा, टिळक रस्त्यावरचं 1924 पासूनचं महाराष्ट्रीय मंडळ, तिथले जोर, बैठका, मल्लखांब, हे या शहराच्या अंगात मुरलेलं आहे. जोर काढताना खांदे, छाती, मनगटं वाकलेल्या अवस्थेत भार घेतात. बोर्डवरून पडताना हात टेकले जातात ते याच अवस्थेत. तीन फेऱ्या, 12 ते 15 जोर, बस. बैठकांच्या बाबतीत थोडं वेगळं सांगावं लागेल. तालमीतली बैठक चवड्यांवर, टाचा उचलून, हात झुलवत वेगाने निघते. दम आणि पोटरीसाठी ती चांगली, पण तिच्यात खाली येणं वेगात होतं आणि गुडघ्याच्या वाटीवर भार मोठा येतो. ज्याचा गुडघा ऑलीने आधीच कुरकुरतो आहे, त्याने शंभर बैठका मारल्या तर दुखणं वाढेल. त्याने टाच टेकवून, तीन सेकंदांत खाली जाणाऱ्या आठच बैठका माराव्यात. मल्लखांबाकडे मात्र स्केटबोर्डरने डोळे उघडे ठेवून बघावं. खांबावरची पकड जांघेने धरलेली असते, कंबर आणि खांदे एकमेकांविरुद्ध वळतात, आणि शेवटी उडी घेऊन उतरणं हाही त्या खेळाचाच भाग असतो. 180 अंशांत वळणाऱ्या ऑलीला आणखी काय लागतं?

तालमीत आणखी एक मोठी गोष्ट आहे, लाल मातीचा हौदा. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली, रोज फावड्याने उकरलेली माती. कुस्ती खेळणारा पोरगा तिथे पहिल्या आठवड्यापासून पडायला शिकतो. स्केटबोर्डर डांबरावर पडतो आणि पडणं कुणी शिकवतच नाही. ते मातीत, हिरवळीवर किंवा जाड मॅटवर शिकता येतं. आधी उकिडवं बसून, हनुवटी छातीला लावून, एका खांद्यावरून तिरकं लोळायचं. उजव्या खांद्यापासून डाव्या नितंबापर्यंत पाठीवर तिरकी रेघ पडली पाहिजे. मणक्यावरून सरळ लोळलं तर प्रत्येक मणका फरशीला लागतो. मग अर्धं वाकून, मग चालता चालता, मग हळू पळता पळता, आणि शेवटी हळू चालणाऱ्या बोर्डवरून गवतावर. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. प्रत्येक वेळी कोपर वाकलेलं हवं. कोपर ताठ ठेवून हात पुढे टाकला की सगळा वेग मनगटातून वर जातो, आणि मनगट मोडण्याची सगळ्यात सोपी रीत तीच आहे. उंच उडी फसते आहे असं हवेतच कळलं, तर बोर्ड पायाने बाजूला ढकलून दोन पायांवर उतरायचं आणि दोन-चार पावलं पळत सुटायचं. हीसुद्धा सरावाने येणारी गोष्ट आहे, आणि चांगला स्केटर त्याच्या फसलेल्या उड्यांवरून ओळखावा.

हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड याबद्दल थोडक्यात. हेल्मेटवर एएसटीएम एफ 1492 किंवा ईएन 1078 असा शिक्का बघून घ्या. सायकलच्या हेल्मेटमधला पांढरा फोम एकाच मोठ्या आपटीसाठी असतो, ती बसली की ते हेल्मेट टाकून द्यायचं, बाहेरून धड दिसलं तरी. डोकं आपटल्यावर गरगरलं, मळमळलं, क्षणभर काही आठवेना, तर त्या दिवशी परत बोर्डवर पाय ठेवायचा नाही, दवाखाना गाठायचा.

दुखापतीनंतर आपल्याकडे जे होतं, त्याची मला खरी काळजी वाटते. घोटा मुरगळला की आजी तेल गरम करते, मामा ओळखीच्या हाडवैद्याकडे नेतो, तो पाय ओढून “बसवतो”. ताज्या मुरडीला चोळणं, ओढणं यातलं काहीही करू नये. आधी मोड आहे की नाही ते कळलं पाहिजे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या हाडावर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. मनगटाचं त्याहून फसवं असतं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखलं, तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला तडा गेलेला असू शकतो. तो पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर मनगट बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढायला सांगतात. त्या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा आहे, दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. “सूज उतरली, आता बरं आहे” म्हणून त्या दोन आठवड्यांत परत बोर्ड उचलणारी मुलं आयुष्यभराचं मनगट पणाला लावतात. आणि मुरगळलेला घोटा दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला असं नाही. डोळे मिटून एका पायावर अर्धा मिनिट उभं राहता येणं, त्याच पायावर 20-25 वेळा टाच उचलता येणं, एका पायावर उड्या मारताना दुसऱ्या पायाइतकाच विश्वास वाटणं, हे जमेपर्यंत पायऱ्या बंद.

डावं-उजवं हा विषय वेगळाच आहे. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्याला गूफी. रेग्युलर मुलगा उजव्या पायाने ढकलतो, त्या वेळी अख्खं शरीर वाकलेल्या डाव्या पायावर तोललेलं असतं. कर्वेनगरहून डेक्कनला बोर्डवरून गेला, तर डाव्या पायावरच्या अर्ध्या बैठका किती झाल्या असतील, विचार करा. वर्षा-दोन वर्षांत डावी मांडी भरते, उजवी पोटरी आखडते, कंबर एका बाजूला ओढली जाते. उपाय दोन. एका पायाचे व्यायाम नेहमी कमजोर बाजूने सुरू करायचे आणि मजबूत बाजूने तेवढेच करायचे, जास्त नाही. आणि वॉर्म-अपची दहा मिनिटं पाय बदलून, स्विचमध्ये ढकलत फिरायचं. सुरुवातीला तोल जातो, नंतर अंगवळणी पडतं. चाकांचाही इथे संबंध आहे. पार्कमधली 52-54 मिलिमीटरची, 99ए कडकपणाची चाकं पेठेतल्या खडबडीत डांबरावर चालवली, तर थरथर थेट तळव्यात आणि नडगीत जाते, पोटरी अर्ध्या तासात दगड होते. रस्त्यावर फिरायला 78ए ची, 58-60 मिलिमीटरची मऊ चाकं लावावीत.

आई-वडिलांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वजनं उचलली की उंची खुंटते, ही समजूत निराधार आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पद्धत शिकून, बेताच्या वजनाने केलेला व्यायाम वाढत्या मुलांना मानवतो. दुसरी गोष्ट उलट दिशेची. दहा ते पंधरा या वयात हाडं भराभर वाढतात आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे, जिथे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, वाढत्या हाडाला चिकटतं तिथे, दुखू लागतं. डॉक्टर त्याला ऑसगूड-श्लॅटर किंवा सेव्हर म्हणतात. हे नाटक नाही आणि कायमचंही नाही. पण त्या महिन्यांत उड्या निम्म्यावर आणाव्या लागतात. सपाट जागेवर बोर्ड चालवणं चालू ठेवता येतं, पायऱ्या थांबवायच्या. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि क्लास, शाळा, मोबाइल यांतून ती मिळत नाही, हे मात्र घरोघरचं दुखणं आहे. खाण्याचं फार अवघड नाही. उसळ, अंडी, दही, पनीर, शेंगदाणे यांतून 60 किलोच्या मुलाला दिवसाला 80-90 ग्रॅम प्रथिनं मिळवता येतात. उन्हाळ्यात बाटलीत मीठ-साखर-लिंबू.

या खेळाला वयाची चौकट नाही, हे 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलं. चीनची झेंग हाओहाओ 11 वर्षांची होती आणि ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड 51 वर्षांचा. चाळिशीत शरीर सांभाळून खेळायचं असेल, तर त्याची तयारी पंधराव्या वर्षीच्या उतरण्यात असते.

पुण्याचा पावसाळा स्केटबोर्डरला शिक्षा वाटतो. जूनमध्ये पहिली सर येते, बेअरिंग गंजतात, ओला डेक फुगून त्याचा पॉप मरतो, पार्किंगमध्ये चिखल होतो. श्रावणात नदीपात्रातला रस्ता ढोल-ताशांच्या सरावाने भरतो, तिथेही जागा नाही. मला वाटतं, हे चार महिने या शहराने स्केटबोर्डरला दिलेला तालमीचा हंगाम आहेत. जून-जुलै घोट्यांचे आणि सावकाश खाली जाण्याचे. ऑगस्टमध्ये ओट्यावरून उतरणं, 20 पासून 45 सेंटिमीटरपर्यंत. सप्टेंबरमध्ये आडव्या उड्या, एका पायावरच्या उड्या, मॅटवरचं लोळणं. आठवड्याला दोन दिवस हे, एक दिवस टेकडी. वेताळ टेकडी, तळजाई, जी जवळ असेल ती.

आणि मग दसऱ्याच्या सुमाराला रस्ते कोरडे होतात. इथेच सगळ्यात जास्त घाई होते. स्नायू चार महिन्यांत तयार झालेले असतात, पण टेंडन सावकाश घडतात आणि कडक फरशीची सवय त्यांना नव्याने लागते. पहिल्या आठवड्यात फक्त सपाट जागा. बोर्डवर पाय ठेवण्याआधी दहा मिनिटं घोटे फिरवणं, टाचा उचलणं, लंज म्हणजे एक पाय पुढे टाकून खाली जाणं, जागच्या जागी छोट्या उड्या. ताण धरून ठेवण्याचे लांबलचक प्रकार खेळानंतरसाठी ठेवायचे. दुसऱ्या आठवड्यात फुटपाथची कड. तिसऱ्यात दोन पायऱ्या, एका दिवसात वीस उतरण्या, मधे एक दिवस सोडून. मग तीन, मग चार. खेळताना दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं असेल, तर पुढे जायचं. सकाळी घराचा जिना उतरताना गुडघा बोलला, तर त्या आठवड्यात एकही पायरी वाढवायची नाही.